तेरावं वेटोळं

मित्रांनो, माझं वय मोजायचं असेल तर तुम्हाला माती उकरावी लागेल. झाडं आपलं वय खोडात ठेवतात, माणसं चेहऱ्यावर ठेवतात. मी एक म्हातारी पानवेल आहे आणि माझं वय जमिनीखाली आहे. दर वर्षी माझं एक वेटोळं मातीत जातं. आजवर चौदा गेली. सगळ्यात खालची कधीच माती झाली असतील. शेवरीच्या झाडाला धरून वर जेवढी दिसते, तेवढी मी फक्त या वर्षाची आहे.

गोष्ट सांगायची आहे ती तेराव्या वेटोळ्याची. पण आधीची बारा माहीत झाल्याशिवाय ती तुम्हाला कळणार नाही.

अमरावती जिल्ह्यात सातपुड्याच्या पायथ्याशी अंजनगाव आहे. तिथल्या जानरावांच्या पानमळ्यात माझा जन्म झाला. जन्म म्हणजे काय, तर एका थोरल्या वेलीचा तीन पेरांचा तुकडा जानरावांनी कापला आणि आपल्या नऊ वर्षांच्या मुलीच्या हातावर ठेवला. मुलीचं नाव दीपमाला. तिनं मला ओल्या मातीत खोचलं, भोवती माती दाबली आणि बोटं फ्रॉकला पुसली. मला कळलेला पहिला स्पर्श तो. रांगेत शेवटची जागा माझी होती, ताटीजवळची. ताटी म्हणजे मळ्याचं दार, तुराट्या विणून केलेलं.

पानमळा तुम्ही पाहिला नसेल. बाहेर ऊन रणरणत असलं तरी आत शेवरीच्या दाट रांगांमुळे सावली असते, दांडातून पाणी झुळझुळत असतं, आणि माणसं हळू बोलतात. पायातल्या चपला बाहेर काढल्याशिवाय आत यायचं नाही. नागपंचमीला एकही पान खुडायचं नाही. आणखी एक रीत जानरावांच्या घरी होती. मुलगी मोठी झाली की तिनं ताटीच्या आत यायचं नाही, वेलीला हात लावायचा नाही. वेल बाटते, असं म्हणत. मी काही बाटले असते असं मला वाटत नाही, पण मला विचारलं कुणी नव्हतं. दीपमाला बारा वर्षांची झाली आणि तिचं येणं ताटीपाशी थांबलं. तेव्हापासून ती बाहेरच्या दगडावर पुस्तक घेऊन बसायची आणि मोठ्यानं अभ्यास करायची. वडील आत काम करता करता ऐकायचे. मीही ऐकायचे. मी शिकले ते असं, तुराट्यांच्या फटीतून.

ती अमरावतीला कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकायला लागली, तेव्हा मला माझ्याच शरीराची ओळख झाली. माझं अंग म्हणजे लहान लहान असंख्य खोल्या. प्रत्येक खोलीत पाणी, आणि तिच्याभोवती भिंत. पाणी आतून भिंतीला रेटतं. भिंत बारीक तंतूंची, घट्ट विणीची, ती दाद देत नाही. पण कोवळ्या शेंड्यात ती जरा नमतं घेते. तंतू एकमेकांवरून किंचित सरकतात, वीण सैल होते, भिंतीवरचा ताण उतरतो. मग आत आणखी पाणी येतं, खोली मोठी होते, सैल जागी नवे तंतू बसतात. मी वाढते ती अशी. बाकी अंगात भिंती जुन्या होऊन कडक होतात, तिथं हे फारसं चालत नाही. दीपमालानं हे शेवटचं वाक्य वाचलं होतं. मला चांगलं आठवतं, मी ऐकलं होतं. पण परीक्षेत विचारायचे ते शेंड्याबद्दल, आणि तिनं खूण केली ती शेंड्याच्या परिच्छेदावर.

आता उतरण सांगते. वेल वर्षभरात शेवरीच्या टोकापर्यंत पोचते. त्याहून वर गेली तर सावली संपते आणि उन्हाळ्याची झळ शेंडा जाळते. म्हणून होळीच्या आधी तिला खाली उतरवतात. शेवरीपासून सोडवून तिचा खालचा, पानं झडलेला भाग वेटोळं करून मातीत पुरतात आणि कोवळा शेंडा पुन्हा झाडाच्या बुडाशी बांधतात. पुरलेल्या पेरांना मुळं फुटतात. म्हातारी वेल अशी पुन्हा लहान होते. पण पुरुषभर उंचीची वेल मोडू न देता वाकवणं सोपं नसतं. एका पेरात ती तुटली की वरचं सगळं गेलं.

जानराव उतरणीच्या आधी दहा दिवस पाणी तोडायचे. दांड कोरडा पडायचा, आमची पानं मलूल व्हायची. बाहेरचे लोक म्हणायचे, जानराव निर्दयी आहेत. खोल्यांमधलं पाणी ओसरलं की भिंतींवरचा आतला रेटा कमी होतो आणि अंग मऊ पडतं, हे मला नंतर समजलं. तेव्हा एवढंच कळायचं की त्या दिवसांत ते दोनदा येऊन माझं पेर अंगठ्याशी वाकवून बघायचे आणि निघून जायचे. दहाव्या किंवा अकराव्या दिवशी त्यांचा अंगठा समाधानी व्हायचा.

मग ते वाकवायला बसायचे. अर्धं वेटोळं झालं की हात तसाच धरून थांबायचे. काहीच करायचे नाहीत. त्यांचे जोडीदार नत्थुजी, शेजारच्या मळ्याचे, त्यांना याचा फार कंटाळा. एकदा म्हणाले, "जानराव, वेल हाये का नवरी? सत्यभामावयनीले तरी कधी इतकं मनवलं का?"

जानराव म्हणाले, "तिले सोडू दे."

कुणाला काय सोडायचं होतं, ते नत्थुजींना कळलं नाही. मला कळलं. वाकवल्याबरोबर माझं सगळं अंग ओढ घ्यायचं, परत सरळ व्हायला. तेव्हा सोडलं असतं तर मी उसळले असते, आणखी वाकवलं असतं तर तडकले असते. ते नुसते धरून ठेवायचे. हळूहळू माझ्या भिंतींमधले तंतू केसभर सरकायचे आणि ओढ कमी कमी होत जायची. वाक तोच, ताण मात्र उतरलेला. मग ते पुढचं अर्धं वेटोळं घ्यायचे.

एके वर्षी दीपमाला सुटीत आली होती. ताटीबाहेरून तिनं विचारलं, "बाबा, तुम्ही कशाची वाट पाहून राहिले?"

"तिच्या अंगातली ओढ जायची."

ती आनंदानं उठूनच उभी राहिली. हे सगळं पुस्तकात आहे म्हणाली, आणि भिंत, तंतू, ताण कसा उतरतो ते तिनं बाहेरून समजावून सांगितलं. जानरावांनी माझ्यावरचा हात न काढता ऐकून घेतलं.

"पुस्तकात हाये हे?"

"हाये."

"मंग त्या लिवणाऱ्याचा बाप बी पानमळेवालाच असन."

नत्थुजी हसले. दीपमालाही हसली. त्या दिवशी बापलेकींना वाटलं असावं की दोघांना एकच गोष्ट ठाऊक आहे. पण कॉलेजात गेल्यापासून ती फक्त उतरणीच्या दिवशी यायची, आधीच्या दहा दिवसांत नाही; आणि त्याआधी ताटीबाहेर बसायची तेव्हा तिचं लक्ष पुस्तकात असायचं. कोरड्या दांडाबद्दल तिनं विचारलं नाही. त्यांनी सांगितलं नाही, कारण जिला वेलीला हातच लावायचा नाही, तिला सांगून काय करायचं?

ती माझी चांगली वर्षं होती. आमची पानं पहाटेच्या बसनं अकोल्याला जायची. तिथले पानाचे व्यापारी अन्सारभाई केळीच्या पानात बांधलेला गठ्ठा उघडायच्या आधी नुसता हुंगायचे आणि सांगायचे, "ये जानराव का पान है, दाँत को पता नहीं चलता." हे जानराव घरी येऊन बायकोला, सत्यभामाबाईंना सांगायचे, आणि पुन्हा मळ्यात येऊन आम्हालाही सांगायचे.

मग दिवस फिरले. कसे फिरले ते मी नीट सांगू शकत नाही, मी एका जागी उभी असते. एवढं दिसलं की विहिरीचं पाणी खाली खाली गेलं. बाजारात पानाऐवजी गुटख्याच्या पुड्या आल्या. आजूबाजूचे मळे एक एक करून तोडले गेले, शेवरी सरपणाला गेली. नत्थुजींचाही गेला. ते नांदगाव पेठेच्या कापड गिरणीत पहारेकरी झाले. जायच्या दिवशी निळा शर्ट घालून आले, चपला काढून आत आले आणि माझ्या पुढच्या वेलीला उगाच हात लावून गेले. त्यानंतर मळ्यात उतरण जाणणारे जानराव एकटेच उरले.

पौषात एका दुपारी ते दोन रांगांच्या मध्ये बसले, ते उठले नाहीत. मला वाटलं विसावले. दांडाचं पाणी त्यांच्या हातावरून वाहत होतं आणि हात बाजूला होत नव्हता. हाक मारता आली असती तर मारली असती, मित्रांनो. सत्यभामाबाई भाकरी घेऊन येईपर्यंत मी त्यांच्याकडे बघत होते.

लकवा झाला होता. महिनाभर अमरावतीला दवाखान्यात राहून ते परत आले तेव्हा उजवं अंग गेलं होतं आणि वाचा गेली होती. त्यांना घरात करमेना. दीपमाला आता अकोल्याला शाळेत शिकवत होती, ती रजा घेऊन आली. तिनं त्यांची बाज ताटीच्या तोंडाशी, माझ्यासमोर टाकली. डॉक्टरांनी त्यांच्या मिटलेल्या बोटांचा व्यायाम सांगितला होता. ती दगडावर बसून एक एक बोट हळूच उघडायची आणि तसंच धरून ठेवायची. आवळलेलं बोट काही वेळानं सैल व्हायचं. मग पुढचं. हे कुठून शिकली ते तिला विचारायची गरज नव्हती.

आम्ही शेवरीच्या टोकाशी पोचलो होतो. होळी जवळ आली होती. उतरण झाली नाही तर चैत्रात सगळा मळा जळणार, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. तो मळा राहिला तरच जानरावांना बघायला काही उरणार होतं, हे दीपमालाला माहीत होतं. तिनं दोन गडी ठरवले, संत्र्याच्या बागेत काम करणारे. नत्थुजींना निरोप धाडला, पण त्यांना सुटी मिळाली नाही. आणि ती ताटीपाशी येऊन उभी राहिली. चपला काढल्या, पण पाय पुढे पडेना.

सत्यभामाबाई म्हणाल्या, "कोन पाह्यते आता? जाय आत."

तेरा वर्षांपूर्वी मला मातीत खोचताना जी बोटं होती, ती आता मला ओळखू आली नसती. पण तिनं माझ्या बुडाशी माती दाबली, तशीच, दोन्ही अंगठ्यांनी. मी ओळखलं.

मित्रांनो, आता नीट ऐका. रस्त्याकडची विजेची डीपी जळाल्यामुळे नऊ दिवस विहिरीवरची मोटार चालली नव्हती. नऊ दिवस दांड कोरडा होता. आमची पानं लोंबत होती. कुणी ठरवलं नव्हतं, पण आम्ही अगदी जानरावांना हव्या तशा झालो होतो. बाजेवरून ते आमच्याकडे बघायचे तेव्हा त्यांचा चेहरा निवांत असायचा. त्या दुपारी त्यांनी डावा हात उचलला आणि माझ्याकडे दाखवून खाली आणला. एकदा, दोनदा. उतरवा, असं ते म्हणत होते. दुसरं काय म्हणतील?

दीपमालानं माझ्या मलूल पानांकडे पाहिलं. म्हणाली, "हो बाबा. समजलं."

त्याच संध्याकाळी नवी डीपी बसली. तिनं मोटार लावली आणि दांड भरून सोडला. पाण्याशिवाय भिंत सैल होत नाही, हे तिला पाठ होतं. खूण केलेला परिच्छेद तिला सबंध आठवत होता. तहानलेल्या वेली उद्या कशा वाकतील, आज त्यांना पोटभर मिळू दे, असं ती आईला सांगत होती. पाणी दांडातून वळणं घेत माझ्यापाशी आलं.

जानराव ओरडले. त्यांच्या ओरडण्यात शब्द नव्हते. "नन, नन," एवढंच यायचं. डावा हात बाजेच्या लाकडावर आपटत होते. ती धावत आली. दुखतंय का बाबा, म्हणाली. बाजेवर बसली, त्यांचा उजवा हात मांडीवर घेतला आणि एक एक बोट उघडायला लागली. त्यांचा डावा हात तिच्या खांद्यावर आपटत राहिला. मग थांबला.

मी पाणी प्यायले. ते मला नाकारता येत नाही. पाणी आलं की मुळं पितात. खोल्या भरत होत्या, भिंती ताठ होत होत्या, पानं उभी राहत होती. समोर ते माझ्याकडे बघत होते. सबंध मळ्यात उद्या काय होणार ते आम्हा दोघांनाच कळत होतं, आणि आम्ही दोघंच मुके होतो.

सकाळी मळा हिरवागार दिसत होता. सत्यभामाबाईंनी हळदकुंकू वाहिलं. गडी पलीकडच्या रांगांपासून लागले. दीपमालानं मधली रांग घेतली. तिनं पहिली वेल सोडवली, खाली घेतली, अर्धं वेटोळं करायला गेली.

काकडी मोडावी तसा आवाज झाला.

तिला वाटलं, आपला हात नवखा. दुसरी वेल तिनं फार हळू घेतली. थोडी वाकवली आणि धरून ठेवली, वडील धरायचे तशी. डोळे मिटून थांबली. खोल्या भरलेल्या, भिंती ताठ. ओढ उतरायला जागाच नव्हती. तीही तुटली. पलीकडून गड्यांच्या रांगांमधून तोच आवाज येत होता. एक गडी म्हणाला, "बाई, माल कच्चा हाये." तिनं पाच वेली केल्या, सहा केल्या, रांग संपत आली. ती वाकवत होती आणि धरत होती आणि थांबत होती. तिचं सगळं बरोबर होतं. फक्त कालची संध्याकाळ तेवढी चुकली होती.

मग बाजेजवळ काहीतरी खणखणलं. जानरावांनी उशाचा पाण्याचा तांब्या डाव्या हातानं ओढून पाडला होता. पाणी बाजेखालून मातीत गेलं. त्यांनी रिकामा तांब्या उचलला, उपडा केला, हलवून दाखवला की आत एक थेंब नाही. आणि तो रिकामा तांब्या माझ्याकडे रोखला.

ती हातातली वेल धरून उभी होती. तांब्याकडे पाहिलं, ओल्या दांडाकडे पाहिलं, माझ्या टवटवीत पानांकडे पाहिलं. मग ती गड्यांना म्हणाली, "थांबा. घरी जा." आणि मातीतच खाली बसली.

एकच रांग उरली होती, माझी.

ती नंतर बाजेपाशी गेली आणि त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. त्यांनी डावा हात तिच्या केसांवर ठेवला. त्यांच्या एकाच डोळ्यातून पाणी येत होतं. ती म्हणाली, "तुम्ही सांगून राहिले होते बाबा. मीच आयकलं नाही." त्यांना हो म्हणता येत नव्हतं, आणि नाहीही म्हणता येत नव्हतं.

दोन दिवसांनी पहाटे ते बाजेवरच गेले.

घराला सुतक लागलं. सुतकात मळ्यात पाय ठेवायचा नाही, हीही त्यांच्याकडची रीतच. ताटी लावून घेतली गेली. तेरा दिवस कुणी आलं नाही. दांड सुकला, मातीला भेगा पडल्या. शेजारच्या रांगांमधल्या मोडलेल्या वेली जागच्या जागी काळ्या झाल्या. माझी पानं दुमडली. मी ताटीकडे बघत होते, कुणाची तरी वाट असल्यासारखी. जानरावांनी एवढी तहान आम्हाला कधी दिली नव्हती.

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी ताटी उघडली. नत्थुजी निळ्या शर्टातच आले होते. मागून दीपमाला. नत्थुजी म्हणाले, आणखी एक दिवस गेला असता तर या बी गेल्या असत्या. ते वेल सोडवायला वाकले, पण तिनं त्यांना थांबवलं. ती माझ्यापाशी बसली. माझं पेर अंगठ्याशी वाकवून पाहिलं, जसं तिनं त्यांना कधी करताना पाहिलं नसेल, कारण ती वेळ तिच्या सुटीत येत नसे. मग मला खाली घेतलं आणि अर्धं वेटोळं केलं.

माझ्या अंगानं ओढ घेतली. ती थांबली.

नत्थुजी म्हणाले, "माय, ऊन चढून राह्यलं."

ती म्हणाली, "थांबा काका. तिले सोडू द्या."

त्या गोष्टीला वर्ष होऊन गेलं. आता मळ्यात एकच रांग आहे. सत्यभामाबाई कळशीनं पाणी घालतात. दीपमाला रविवारी अकोल्याहून येते. यंदाची उतरण तिनंच केली, आधीचे दहा दिवस धरून. विहीर आणखी खाली गेली आहे. पंधरावं वेटोळं होईल की नाही ते मला माहीत नाही, आणि माझ्या हातात तर काहीच नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी कुणी बोलू न शकणारं असेल, माणूस असेल, गुरं असतील, एखादी वेल असेल, तर त्याला काय हवं आहे ते आपल्याला कळलं, असं लगेच म्हणू नका. थोडं थांबा. पुन्हा बघा. ते पुन्हा सांगतील. फार वेळ मात्र सांगू शकणार नाहीत.

त्या दिवशी माझी ओढ किती वेळात उतरली, ते सांगते. जानरावांच्या हातात जेवढा वेळ लागायचा, तेवढाच लागला. भिंती सैल झाल्या, ताण गेला, मी वळले तशीच राहिले. आता हात काढला असता तरी चाललं असतं. नत्थुजी पुढची वेल घेऊन मोकळे झाले. ऊन शेवरीतून खाली उतरलं आणि तिच्या मनगटावर आलं.

तिनं हात काढला नाही.